पुठ्ठ्यावरचे बोल्ट

रविवारी वृषाली सौंसरहून पांढुर्ण्याला माहेरी आली, तेव्हा तिचे बाबा, गुणवंतराव, अंगणात पोतं टाकून स्कूटी उघडत होते. शेजारी उकिडवी बसली होती तेजस्विनी, धाकट्या भावाची बायको. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. वृषालीला आधी तेच दिसलं.

बाबा बेल्टवरच्या कव्हरचा एकेक बोल्ट काढत आणि तेजस्विनी तो संत्र्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यात खोचे. पुठ्ठ्यावर बाबांनी पेनाने कव्हरचा आकार काढला होता. काही बोल्ट लांब, काही आखूड. ज्याची जागा त्यालाच. शेवटी जुना बेल्ट बाहेर आला, आतून चिरा पडलेला.

"बाबा, मी धरू का पाना?"

"तू काहून हात काळे करतं? मास्तरीणबाई तू. बस तिथं, चाय घे." मग मान न वळवताच त्यांनी सुनेपुढे हात केला. "तेजू, फडकं."

"आधी म्हणा, सून हुशार आहे."

"हुशार आहे न बाप्पा! माह्यापेक्षा हुशार. दे आता."

दोघंही हसली. वृषालीने पिशवीतलं पुस्तक काढलं आणि एकच पान चारदा वाचलं. लहानपणापासून हेच ऐकलं होतं तिने, अभ्यास कर, हात खराब करू नको. तिला तो लाड वाटायचा. तेजस्विनी घरात आल्यावर कळलं, लाडानेही माणूस लांब बसवला जातो.

नवा बेल्ट नागपूरहून मंगळवारी येणार होता. सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेरवीपर्यंत स्कूटी तशीच उघडी, पोत्याखाली उभी राहिली. तेरवीच्या पंगतीत शोभामावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोरगी तं सासरी गेली. गुणवंतभाऊची खरी लेक ही तेजूच." वृषाली उठून मागच्या पडवीत गेली. फळीवर पुठ्ठा होता. तिने सगळे बोल्ट उपटून एका वाटीत टाकले. बोटांना काळं लागलं, ते तिने साबणाने दोनदा धुतलं.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने नागपूरहून आलेला नवा बेल्ट चढवला, त्यावरचा बाण पुढच्या दिशेला ठेवून. कव्हर लावायला घेतलं आणि वाटी पाहून थांबली.

"हे कोणी काढले, ताई? बाबांनी आखून ठेवलं होतं." तिने डोळे खांद्याला पुसले. "जाऊ द्या. पाहुण्यांचे पोट्टे असतील."

मग ती एकेक बोल्ट नुसताच भोकात ठेवून पाहू लागली. ज्याची जागा त्याला मिळाली, तर सगळे सारखेच वर राहायला हवेत. एक फार वर राहिला. तो काढला, दुसरा ठेवला. सगळे जमल्यावर तिने मान न वळवताच हात मागे केला. अगदी बाबांसारखा.

"ताई, पाना."

वृषालीने पाना तिच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"पोट्ट्यांनी नाही, तेजू. मी काढले. जळून राहिली होती मी तुझ्यावर. बाबा होते तेव्हापासून. अजूनही जळून राहिली."