बंद न केलेली फाईल

“काय करायचं ते कर चेतन, पण बंद नको करू गा,” वामनकाका तिसऱ्यांदा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. कॉम्प्युटरवाल्याला बंद-चालू करू द्यायचं नाही, मग बोलावता कशाला? गांधीबागेतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत ही मशीन मीच दिवाळीत बसवली होती. चौसष्ट जीबी रॅम, भारी ग्राफिक कार्ड. आणि फोटोवरचा एक डाग पुसायला दहा सेकंद!

“किती दिवस झाले बंद नाही केली?”

“एक्केचाळीस.”

तिथंच मला कळायला हवं होतं. काकांच्या घरी यमुकाकूंच्या तेरवीला मी जेवून आलो होतो. त्या याच खुर्चीवर फोटो दुरुस्त करत बसायच्या. एक्केचाळीस दिवसांपूर्वीच्या संध्याकाळी छातीत दुखतं म्हणून उठल्या, त्या रामदासपेठेतल्या दवाखान्यातून परत आल्याच नाहीत.

सेटिंग उघडलं. केलेलं काम किती पायऱ्या मागे नेता येईल, तो आकडा हजारावर होता.

“हे कोणी केलं?”

“तुह्या काकूनं. तिले चुकायची लय भीती.”

मागं एक फाईल उघडी होती. काका-काकूंच्या लग्नाचा जुना, चिरा गेलेला फोटो. सहाशे बारा पायऱ्या. सगळी मेमरी त्यांनीच खाल्ली होती, डिस्कही भरली होती.

काकांनी खुर्ची ओढली आणि काम एक पायरी मागं नेणारी दोन बटणं दाबली. नवरदेवाच्या कपाळावरची चीर परत आली. पुन्हा दाबली, मिशी काळीभोर झाली.

“पाय, इथं मिशी जास्तच रंगवली. मंग हसली असंन. मंग पुसली. मी रोज पाहून राहिलो.”

सगळं काम काकांच्याच चेहऱ्यावर झालं होतं. नवरीच्या गालावरून चीर तशीच खाली गेली होती.

“माहंच करत बसली,” काका म्हणाले. “सोताचं राहून गेलं.”

मघाशी चिडलो होतो, त्याची लाज वाटली.

“काका, फोटो सेव्ह होईन. पण फाईल बंद केली का ह्या पायऱ्या जातात. मोबाईलवर व्हिडिओ काढून देऊ?”

“व्हिडिओत मी बटन दाबलं तर ते मागं जाईन का?”

तेवढ्यात बेसाहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. रितिकाच्या लग्नाचा अल्बम रविवारी मिळेल ना, तिचे वडील विचारत होते.

“देतो,” काका म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. “रविवारचा शब्द तिनंच देला होता. ही फाईल उघडी ठेवून अल्बम निघते का?”

“नाही निघत, काका.”

काका स्क्रीनकडे वळले. मग फोटो अगदी पहिल्या पायरीवर नेला आणि एकेक करत पुढे आणू लागले. दोन तास लागले. एरवी मी गिऱ्हाइकाकडे पाच मिनिटं थांबत नाही. त्या दिवशी स्टूल ओढून बाजूला बसून राहिलो.

सहाशे बारावी पायरी आली. काकांनी सेव्ह केलं आणि स्वतःच्या हातानं मशीन बंद केली.

पुन्हा चालू केल्यावर रितिकाचा अल्बम चुटकीसरशी उघडला. काकांनी तो बाजूला सारून आधी आपला फोटो उघडला.

“आता फास्ट आहे ना?” मी विचारलं.

“लय फास्ट,” काका म्हणाले, आणि तीच दोन बटणं दाबली. फोटो हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबली.