नऊ डोक्यांवरची सरळ रेघ

"दाखव! एक तरी पोरगी दाखव मला वहिनी, जिचा भांग वाकडा गेलाय!"

आत्या अशी ओरडत होती की बेलवलीतली कुत्री शेपट्या घालून थेट अंबरनाथपर्यंत पळाली असावीत. तिच्या उगारलेल्या मुठीत शेपटीचा कंगवा होता, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या दातांतून गळून भिंतीवर बारीक पट्ट्यांची सावली पाडत होतं.

"भांगाचं राहू द्या वन्सं," आई म्हणाली. "काल तांदळातला खडा माझ्या दाढेनं शोधला, तुमच्या डोळ्यांनी नाही. साखर आहे तुम्हाला. एकदा डोळे दाखवून या."

"एकीचा तरी भांग वाकडा दिसू दे, त्या दिवशी तूच मला रिक्षात घाल आणि ने डॉक्टरकडे. तोवर माझ्या डोळ्यांचं नाव काढायचं नाही!"

शाळेतून परतलेल्या आम्ही नऊजणी अंगणात ओळीने उभ्या होतो. आईने एकेक डोकं खाली वाकवून पाहिलं. नऊच्या नऊ रेघा सरळ. आई आत गेली. माझी मान सगळ्यांत ताठ होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतली ती एक पत्र्याची पेटी आणि दोन हात घेऊन. त्या हातांविषयी मी जे सांगेन त्यातलं निम्मंच खरं धरा, तरी पुष्कळ उरेल. रोज सकाळी निम्मं बदलापूर तिच्यापुढे वेण्या घालायला बसायचं. बरं, निम्मं नाही, आळीतल्या नऊ मुली. पण तिच्या वेणीवरून निघालेली मुंगी अर्ध्या वाटेत पाय घसरून थेट रिबनीच्या फुलात पडायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. दोन हजार तीन-चारचे ते दिवस. आमच्या शाळेत विस्कटलेल्या केसांच्या मुलींना प्रार्थनेच्या वेळी वेगळं उभं करत. आत्याच्या नऊजणींवर ती पाळी कधी आली नव्हती.

तिचं शास्त्र साधं होतं आणि कठोर. केस चिंब नकोत, कोरडे ठणठणीतही नकोत. पाण्याचा नुसता हात फिरलेला हवा. तेल टाळूवर ओतायचं नाही, तळव्यांत चोळून त्याची ऊब तेवढी केसांना द्यायची. कंगव्याची शेपटी नाकाच्या रेषेत टेकवून एका दमात माथ्यावरून मानेपर्यंत न्यायची. मध्ये श्वास घेतला तर भांग मोडतो, असं तिचं ठाम मत. मग तीन पेड. प्रत्येक पेड ओलांडण्याआधी दोन बोटांच्या चिमटीतून सरकवून गुळगुळीत करायचा, ताण तिन्हींवर सारखा ठेवायचा, आणि वेणी पाठीलगत खाली ओढत न्यायची, वर उचलायची नाही. उचलली की मानेशी फुगवटा येतो. कपाळावरची केसांची चुकार पिलं दातांच्या जुन्या ब्रशने निजवायची. जिची मान हलेल तिच्या डोक्यात कंगवा बसायचा, आणि त्या टकटकीच्या तालावर आमची सकाळ पुढे सरकत राहायची.

आता मागे वळून पाहते तेव्हा जाणवतं की आत्याचा पाट ऋतूंबरोबर घराबाहेर सरकत होता. थंडीत ती स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसायची, होळीच्या सुमारास दारात आली, उन्हाळ्यात पायरीवर, आणि पुढच्या थंडीपर्यंत शेवग्याखाली उघड्या अंगणात. आम्हांला वाटायचं तिला कोवळं ऊन आवडू लागलं. ती प्रकाशाच्या मागे जात होती, आणि प्रकाश तिच्यापुढे एकेक पाऊल मागे सरत होता, हे त्या वयात कोणाला कळणार? उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे धागे कापायला ती जायची, तेही सोडलं. म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघ्यांनी तक्रार केली की डोळ्यांकडे कोण पाहतो?

आणि एके सकाळी धाकट्या दीपालीचा भांग मध्यावरून निघाला आणि डाव्या कानाकडे वळला. मी तो पाहिला. पाठोपाठ दुसरीचा, तिसरीचा. दीपाली रडकुंडीला आली, "ताई, मॅडम वेगळं उभं करतील." मी सातवीत होते, आळीतल्या पोरींची पुढारी, आणि माझ्या डोक्यात एक महान युक्ती चमकली. नाक्यावर उभ्या रिक्षाच्या आरशासमोर मी सगळ्यांना ओळीने थांबवलं आणि एकेकीचा भांग सरळ केला. "आत्याला सांगायचं नाही," मी बजावलं. "तिला वाईट वाटेल."

सुमारे वर्षभर आम्ही ते गुपित सांभाळलं. एवढ्या नऊ तोंडांत एवढा काळ काही टिकलं, हा त्या तालुक्यातला विक्रम असेल. मला माझा केवढा अभिमान वाटायचा! आई अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, पहाटेच घराबाहेर. तिला दिसायचं ते संध्याकाळचं डोकं. आणि त्या डोक्यांच्या आधारावर आत्या रोज नव्याने ठरवायची की आपल्याला नीट दिसतं.

एक दिवस कारखाना अचानक बंद राहिला आणि आई फाटकावरूनच परत आली. अंगणात नऊ मुली उठत होत्या. आईने त्यांचे भांग पाहिले. तिने आत्याच्या हातातून कंगवा अलगद काढून घेतला, तिची चप्पल तिच्या पायांशी सरकवली, आणि रिक्षा बोलावली.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी दिवा मारून दोन्ही डोळे पाहिले. साखर पडद्यापर्यंत पोचली होती. वर्षभर आधी आणलं असतं तर लेझरने पुष्कळ वाचलं असतं, ते म्हणाले. आता जे गेलं ते गेलं.

त्यानंतर आत्या शेवग्याखालीच बसे, पण मुली येईनाशा झाल्या. तिची बोटं मांडीवर आपोआप चालत, तीन अदृश्य पेड एकमेकांवरून ओलांडत, ताण सारखा ठेवत. शेवग्याची बारीक पिवळी पानं केसांत पडत आणि तिथेच राहत. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. काळ सगळ्या कडा गुळगुळीत करतो म्हणतात. माझ्या त्या एका वर्षाच्या कडा मात्र अजून बोटांना लागतात. आयुष्यभर मी बढाया मारल्या, त्या कोणाला बोचल्या नाहीत. जे दयेपोटी झाकलं, त्याने एका माणसाचा उजेड नेला.

तिला मी एकदाच सांगितलं, डॉक्टरांकडून आल्यावर महिन्याभराने, एका दुपारी. "आत्या, भांग वाकडे जायचे. वर्षभर. आम्ही नाक्यावर सरळ करायचो. मीच करायचे."

तिची मांडीवरची बोटं थांबली. तिने माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, थोडी चुकीची.

"कंगव्यानं की बोटानं?"

"बोटानं."

"बोटाचा भांग संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग शाळेतून येतानाही करायला लागत असतील," आत्या म्हणाली.