लिलीचे कांदे

दिनानाथ साळवे इंदूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. घरामागे त्यांनी पांढऱ्या लिलीचा वाफा केला होता. ईस्टरच्या सुमाराला तो फुलायचा आणि चर्चच्या वेदीवर तीच फुलं जायची. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, लागला की ते रविवारच्या शाळेतल्या मुलांना घरी बोलावत, मातीतला एक कांदा उकरून त्यांच्या हातात देत आणि विचारत, "हा मेलाय की झोपलाय?" मुलं म्हणत, मेलाय. "मग ईस्टरला या," ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांची स्मृती जाऊ लागली. आधी नावं गेली, मग रस्ते. यंदा कडुलिंबाची पानं गळू लागली तेव्हा ते बायकोला, कस्तुरीला, ओळखेनासे झाले होते. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. हा आजार कुठे जातो ते तिला माहीत होतं. तरी वाफ्यात हिरवी टोकं दिसली तेव्हा तिच्या मनानं उचल खाल्ली. वर्षभर मातीखाली पडलेलं वर येऊ शकतं, तर त्यांच्या आतही काही झोपलेलं असेल. रोज सकाळी ती त्यांना वाफ्याशी खुर्चीवर बसवायची आणि पाणी घालताना पुटपुटत प्रार्थना करायची.

एकदा ते अचानक म्हणाले, "पाणी कमी घाल. कांदे सडतील."

कस्तुरीच्या हातातली झारी थांबली. किती तरी दिवसांनी ते नीट, शिक्षकासारखं बोलले होते.

शेजारच्या मधुवंतीला तिनं ते सांगितलं. "देवानं उत्तर दिलं गं मला."

"अच्छी बात आहे काकू," मधुवंती म्हणाली. "पण जास्त उम्मीद नका लावून घेऊ."

कळ्या आल्या. दांडे चांगले वीतभर वाढले. चर्चच्या पाळकसाहेबांना तिनं फोनवर कळवलं की या वर्षीही फुलं आमच्याकडूनच.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी ती अंघोळ करून आली तर घरात मोहरीच्या फोडणीचा वास सुटला होता. दिनानाथ गॅसपाशी उभे होते. पूर्वी शनिवारचे पोहे तेच करत.

"बसा," ते परकेपणानं म्हणाले. "पोहे होतायत."

तिला बरं वाटलं. क्षणभरच. मग तिनं ताटात पाहिलं. कांदा चिरून ठेवला होता, पण त्याला कांद्याचा वास नव्हता, आणि सुरी चिकानं माखली होती. मोरीतल्या बादलीत कळ्यांचे दांडे मोडून टाकलेले होते. दिनानाथांच्या नखांत माती होती आणि तोंडात घास.

या लिलीचा कांदा विषारी असतो, हे लग्नानंतर त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"अहो, थुंका. आधी थुंका," ती म्हणाली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि गिळलं.

मधुवंतीनं गाडी काढली. वाटेतच उलट्या सुरू झाल्या. जीव वाचला. चार दिवसांनी ते घरी आले, पण पायांतलं बळ संपलं होतं. ते आता पलंगावरून उठत नव्हते. घास पुढे केला तरी तोंड उघडायचं असतं, हेही मधूनच विसरत.

ईस्टरच्या पहाटे मधुवंती त्यांच्यापाशी बसली आणि कस्तुरी चर्चला गेली. वेदीवर बाजारातला निशिगंध होता. "प्रभू उठला आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि सगळ्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे." कस्तुरीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

घरी येऊन तिनं चर्चची साडीही बदलली नाही. खुरपं घेतलं आणि वाफा उकरायला बसली. एखादा कांदा राहिला असेल. तिनं कडेपासून कडेपर्यंत माती बोटांनी चाळली. तुटक्या मुळ्या निघाल्या, मुंग्या निघाल्या. दिनानाथांनी काम नेहमीसारखंच नीट केलं होतं. एकही सोडला नव्हता. ऊन वर आलं तशी उकरलेली माती पांढुरकी पडत गेली.

दुपारी पाळकसाहेब भेटायला आले. ते वयानं तिच्या मुलासारखे होते. त्यांनी वाफा पाहिला.

"कस्तुरीबाई, सर रविवारच्या शाळेत आम्हा मुलांना सांगायचे, माती गप्प दिसते पण आत देवाचं काम चालू असतं."

"इथे काही चालू नाही," ती म्हणाली. "मी सगळं उकरून पाहिलं."

"पुढच्या वर्षी नवे कांदे आणू."

"कोणासाठी?"

ती दिनानाथांना पेज भरवायला आत गेली. पाळकसाहेब मागोमाग पलंगापाशी येऊन हळूच म्हणाले, "आपण प्रार्थना करू या?"

"तुम्ही करा. मी बसते."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. कस्तुरीनं मिटले नाहीत. दिनानाथांच्या तोंडातली पेज हनुवटीवर ओघळत होती. तिनं ती पदरानं पुसली, चमचा पुन्हा भरला आणि ते तोंड उघडतील म्हणून वाट पाहत बसली.