पारावर बसायला बंदी

बाग कसली डोंबलाची! आमच्या महाळुंग्याचा पार हाय तो. पिंपळ अन् त्याच्याभोवती दगडी ओटा, एवढंच होतं माझ्या लहानपणी. आता चहूबाजूंनी टॉवर उठले, मधी हा तेवढा तुकडा राहिला. त्याला लोखंडी जाळी मारली, हिरवळ लावली अन् फाटकावर पाटी ठोकली, 'ऐतिहासिक उद्यान'. खाली येळा लिवलेल्या, सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. मी सासरहून, उरवड्याहून दोन गाड्या बदलून पोचले तवा सव्वादहा झाले होते.

वॉचमनला म्हटलं, बाबा, मी हितलीच लेक हाय, ह्या पिंपळाला माझ्या आज्यानं पाणी घातलंय. तो म्हणाला, मावशी, चारला या. नांदेडकडचा माणूस, त्याला काय ठावं! पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. शंभर पावलांवर माझ्या धाकट्या भावाचं, जनार्दनाचं घर. तितं जाऊन पाणीसुदिक प्यायचं नव्हतं मला. चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून राहिले चारपर्यंत.

दोन वर्षांमागं जनाला माझी सही पायजे होती, जमिनीवरचा हक्क सोडल्याची. मी न्हाई म्हटलं. त्यानं बोलणंच टाकलं. मग आई अंथरुणाला खिळली, तरी मला कुणी कळवलं न्हाई. फोन आला तो थेट, आई गेली, निघ. मी पोचले तवा तिला तिरडीवर बांधलेलं होतं. तवापासून एकच गोष्ट मला आतून पोखरतीया. शेवटी तिनं माझं नाव घेतलं का? का ती बी माझ्यावर रुसूनच गेली?

आता जनाच्या पोराचं, निरंजनचं लगीन निघालंय. आत्या मांडवात नसली तर चार माणसं तोंडावर इचारणार, म्हणून जना रोज फोन करतुया. मी म्हटलं, येते की. पण आधी माझ्यासंगं पारावर बस अन् आईचं काय ते सांग.

पारावरच का, हे आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत न्हाई. गावचे तंटे तितंच मिटायचे. पारावर बसून खोटं बोलायचं न्हाई, ही रीत. माझ्या बापानं तितंच सगळ्यांदेखत कबूल केलं, व्हय, बांध मीच दीड हात सरकवला म्हणून. घरी येऊन आईच्या शिव्या खाल्ल्या. बाकी कुटंबी तो बिनधास्त थापा मारायचा.

टपरीवरनं फोन करून सांगितलं होतं, तसा चारला जना आला. फाटकाबाहेर मोटारसायकल लावली. आत गेलो तर पाराला साखळी लावलेली, 'पुरातन ओटा, बसू नये'. गेली उडत तुमची साखळी! ओलांडली अन् बसले, जनालाबी हात धरून बसवला. त्याच्या कपाळावर घाम.

"जना, शेवटी आईनं माझं नाव घेतलं का?"

तो वर पिंपळाकडं बघत बसला. तेवढ्यात शिट्टी वाजली. वॉचमन हातवारे करतुया, उठा म्हणून. उठलो. तो पलीकडं वळला की परत बसलो. परत इचारलं. तर जना म्हणतो, यंदा ऊन लई हाय. परत शिट्टी. तिसऱ्यांदा बसलो तर लगीन ठरलेलं एक जोडपं फोटो काढायला आलेलं. त्यांचा फोटोवाला म्हणतो, काकू, जरा बाजूला व्हा, तुम्ही मधे येताय. माझ्या गावच्या पारावर मीच मधे येते! राग अन् रडू एकदमच आलं मला. तरी नेट लावून तिसऱ्यांदा इचारलं. जनानं ओठ उघडले अन् मिटले. मग वॉचमन कुण्या मॅनेजरला घेऊन आला, त्यानं गोड बोलत आमाला थेट फाटकाबाहेर सोडलं.

बाहेर पाय पडला अन् जनाच्या तोंडावर रंग आला. गाडीला किल्ली लावली.

"न्हाई घेतलं तिनं तुझं नाव, आक्का. लई राग होता तुझ्यावर. झालं समाधान? आता लग्नाला ये."

फाटकाचा गज धरून उभी राहिले. आई गेल्यापासून ज्याला भ्याले तेच ऐकलं. पण मग डोकं चालाया लागलं. एवढं घडाघडा येत होतं, तर आत का आलं न्हाई? तीनदा इचारलं मी. मला टोचायची संधी जना कधी सोडत न्हाई. हे खरं असतं तर पहिल्याच दमात पारावर बोलला असता. मेल्याची जीभ तितं उचलली न्हाई, कारण हे खोटं होतं.

मी त्याच्या किल्लीवर हात ठेवला.

"किती येळा हाक मारली रे तिनं मला?"

गाडी चालू केली न्हाई त्यानं.

"रोज," म्हणाला. "अकरा दिवस."