घसा जाळणाऱ्या तेलाचा निळा पेला

मित्रांनो, काठाला टवका उडालेला हा निळा पेला दिसतोय ना, तो मीच. दक्षिण इटलीत, आंद्रिया गावातल्या ऑलिव्हच्या घाण्यावर मी चाळीस वर्षं लोकांना तेल चाखवलं. मला मुद्दाम निळा घडवला, कारण तेलाचा रंग दिसला की माणूस चवीबाबत फसतो.

घाण्याचे मालक वीतोकाका मला तळहातावर धरून ऊब देत आणि फुर्रकन घोट घेत. घसा जळून ठसका लागला की स्वारी खूश! "एक ठसका चांगला, दोन ठसके फक्कड," असं म्हणायचे.

पुढे त्यांची मुलगी दोनाता कारभार बघू लागली. तिने प्लॅस्टिकचे पारदर्शक पेले आणले आणि मी तीन वर्षं टेबलावर पेन्सिली सांभाळत बसलो. फार वाईट वाटायचं हो!

यंदा उत्तरेकडचा एक व्यापारी आला. घोट घेताच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाई, हे तेल की मिरचीचा काढा? गोड तेल द्या, सगळं उचलतो!"

झालं! दोनाताने अर्ध्या बागेची तोडणी थांबवली. फळं पिकून काळी झाली की तेल गोड उतरतं आणि जास्तही.

"गोडच विकायचंय तर मध विक की!" काका कडाडले.

"बाबा, ठसका लागावा म्हणून कुणी पैसे मोजतं का?"

काकांचा जीव त्या कडवट तेलात अडकलेला. त्यांनी गावच्या डॉक्टर तेरेसाबाईंना बोलावलं आणि मला घासूनपुसून पुढे केलं. शेजारच्या पेल्यात दुसऱ्या घाण्यावरून आणलेलं पिकल्या फळांचं तेल, माझ्यात हिरव्या फळांचं. पहिलं बाईंनी सहज गिळलं. माझ्यातल्या घोटाला मात्र दोनदा ठसकल्या.

"हा जाळ ज्या द्रव्याचा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तेच अंगातली जुनाट सूज शमवायला मदत करत असावं. वय झालं की ही सूज आत धुमसत राहते, सांधे धरते, रक्तवाहिन्या बिघडवते. हे औषध नव्हे हं दोनाता, तुझ्या सांध्यांच्या गोळ्या बंद करू नकोस. पण रोजच्या ताटात असावं. फळ पिकलं की हे द्रव्य कमी होत जातं."

दोनाताची बोटं रोज सकाळी आखडायची. बाटलीचं बूच काढायलाही बापाला हाक मारावी लागायची. तिने आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. मग मला उचलून तिने मोठा घोट घेतला. एक ठसका. दुसरा. तिसऱ्याला काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"झाडांखाली जाळ्या अंथरा रे!" ती दारातून ओरडली. "उरलेली बाग आजच उतरवायची. त्या व्यापाऱ्याला सांगा, गोड हवं तर दुसरं दार बघ!"

मित्रांनो, चांगलं तेल उन्हात, उघड्यावर ठेवू नका. त्याचा गुण जातो. जिभेला गोड लागत नाही म्हणून गुणाची गोष्ट टाकूही नका. माझं काय, मी काच, उद्या फुटेन. पण हिरवं फळ वेळेत उतरवा.