नमुना अपुरा

माझ्या हातून सुरकुतलेला काप आजवर कधी बाहेर गेला नाही, ही माझी घमेंड. बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत एकाच यंत्रापाशी बसते. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. त्याचे केसाहून पातळ, मायक्रॉनमध्ये मोजायचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचपट्टीवर उचलायचे. सगळे मला मायक्रॉनबाई म्हणतात. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे माझ्या धारदार जिभेमुळे.

ज्या ठोकळ्याने ती घमेंड उतरवली, तो जिचा होता, ती रोज खिडकीशी येऊन रिपोर्टची चौकशी करायची. तिशीची, काखेत निळी पर्स, नेहमी एकटीच. दोनदा दिवस राहून गर्भ पडलेला. आता गर्भाशयाच्या तोंडाशी विषाणूमुळे पेशी बिघडल्या होत्या. कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचं दुखणं. तेवढा भाग कापून टाकला की धोका टळतो. पण त्याने तोंड आणखी कमजोर झालं तर तिसऱ्यांदाही पोटात मूल टिकणार नाही, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

आमच्या डॉक्टरबाईंचा अभ्यास नेमका यावरच होता. त्या जागी शरीर स्वतःहून विषाणूशी झुंजतंय का, हे त्या कापांना रंग देऊन बघायच्या. झुंजणाऱ्या पेशी तपकिरी दिसतात. त्यांनी मला भिंगातून दाखवलं.

"बघा, खालच्या थरात केवढी गर्दी आहे. पण वरच्या, बिघडलेल्या थरात एकही नाही."

"म्हणजे चोर घरात आणि पोलीस दाराबाहेर," मी म्हटलं.

"अगदी तसंच. पण हा एकच काप झाला. आणखी खोलातले चार द्या. कुठे आत शिरलेल्या दिसल्या, तर सहा महिने लक्ष ठेवून थांबता येईल. नाहीतर कापावंच लागेल."

ठोकळा पुन्हा यंत्रात लावला तेव्हा तो किंचित तिरका बसला. पहिला काप सुरकुतला. तसाच दिला असता तर डॉक्टरबाईंनी चालवून घेतला असता. पण मी कसली देतेय! तो मी टिपकागदाने पुसून टाकला आणि ठोकळा सपाट करायला चाक भराभर फिरवलं. थांबून बघते तर समोर नुसतं पांढरं मेण. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यातलं जे उरलं होतं ते मी भुशासारखं उडवलं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "नमुना अपुरा, असं लिहा. परत तुकडा घ्यायला बोलावतील. रोजचंच आहे."

खरंच रोजचं आहे. त्या दोन शब्दांआड आजवर किती जणांचे हात लपले असतील, देव जाणे. मीही तेच लिहिलं आणि खिडकीतून कागद तिच्या हातात दिला.

"अपुरा म्हणजे? माझंच काही कमी पडलं का?"

"नाही हो, होतं असं कधीकधी."

"सासूबाई म्हणतातच, तुझ्या अंगाला काही धड जमत नाही. आता तुकडासुद्धा पुरला नाही बघा." ती हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. "परत तो चिमटा? मागच्या वेळी ओरडू नये म्हणून पर्सचा पट्टा दातात धरला होता."

पट्ट्यावर दातांचे व्रण होते. मध्ये खिडकीची काच आहे याचं मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची भयंकर लाज वाटली. मी उठले, दार उघडलं आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमचं काही कमी पडलं नाही. तुकडा चांगला होता. मी कापताना वाया घालवला. माझ्या हट्टापायी."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिने तो कागद माझ्यापुढे धरला.

"हे लिहून द्या."

"तक्रार करायची असेल तर साहेब आत आहेत."

"तक्रार नाही हो. घरी दाखवायचंय."

लिहून दिलं की मेमो, चौकशी, कदाचित यंत्रावरूनही उचलबांगडी. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी कागद भिंतीला टेकवला, 'नमुना अपुरा' हे शब्द खोडले आणि लिहिलं: 'नमुना पुरेसा होता. प्रयोगशाळेत माझ्या चुकीने वाया गेला.' खाली पूर्ण नाव आणि सही केली. आयुष्यात इतकं वेडंवाकडं अक्षर मी काढलं नव्हतं.

तिने ते ओठ हलवत दोनदा वाचलं, घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

"परत कधी यायचं?"

"सोमवारी सकाळी."

"तुम्ही असाल ना?"

"यंत्रापाशी ठेवतील की नाही, आता सांगता येत नाही."

"यंत्रापाशी नाही म्हणत मी," ती म्हणाली. "माझ्यापाशी."