दाढ दुखणाऱ्यांच्या शेजारचा बाक

मी एक जुना बाक आहे. फेब्रुवारीत सायलीला मुलगी झाली. घरातले म्हणतात, झालीच नाही. मी पडलो लाकूड, माणसांच्या शब्दाबाहेर कसा जाऊ? तर मित्रांनो, झालीच नाही असं धरून मी माझी हकीकत सांगतो.

मी मूळचा तेलगावच्या एका बाभळीचा. सटवा सुताराने मला चार दिवसांत घडवलं आणि राधाकिशनराव नावाच्या पुढाऱ्यांनी एका सरकारी दवाखान्याला भेट दिलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथं येणारेही सांगत नाहीत. माझ्या पाठीवर लाल रंगात ‘राधाकिशनराव यांजकडून सप्रेम भेट’ असं लिहिलं होतं. डोळ्यांच्या खोलीबाहेर होतो तेव्हा माझ्यावर बसायला म्हातारे भांडायचे. तो माझा सुखाचा काळ.

मग मला खोली क्रमांक सातपुढं हलवलं. तिथं गुप्तरोगाची तपासणी होते. त्यात गुप्त असं काही नाही, मित्रांनो. हा रोग नवऱ्याचा बायकोला होतो, बायकोचा नवऱ्याला होतो, पोटातल्या बाळालाही होतो. बोटातून थेंबभर रक्त घेतात, वीस मिनिटं थांबवतात. निघालाच तर इंजेक्शनाने बरा होतो. पण मी तिथं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी राधाकिशनरावांचा माणूस पॉलिश पेपर घेऊन आला आणि साहेबांचं नाव माझ्या पाठीवरून घासून गेला. ‘सप्रेम भेट’ एवढंच राहिलं.

तेव्हापासून माझ्यावर कुणी बसत नाही. अडीच हातांवर दाताच्या खोलीचा लोखंडी बाक आहे. तो मात्र कायम गच्च.

सायली मात्र बसली. चौथा महिना होता, रक्तात सिफिलिस निघाला होता. समुपदेशन करणाऱ्या अपेक्षाताई तिच्या शेजारी येऊन टेकल्या.

“तुला इंजेक्शन दिलंय. पन मालकाला बी तपासावं लागंल. त्यांना न्हाई दिलं तर तुला परत हुईल, मंग लेकराचं अवघड हाय.”

“मी सांगितलं तर म्हनतील, तूच आनलं.”

“समदेच म्हनतात. तरी सांग.”

सायलीने सांगितलं. पुढच्या खेपेला आली तेव्हा बांगड्या एकाच हातात होत्या.

पण तिचा नवरा आला. अभिमन्यू. कड्याच्या कारखान्याला ट्रॅक्टरने ऊस ओढतो. खिशात खोली क्रमांक सातची चिठ्ठी होती. त्याने माझ्यावर हात ठेवला, अर्धा वाकलासुद्धा. तेवढ्यात लोखंडी बाकावरून आवाज आला.

“काय बे अभिमन्यू, तू हिकडं कावून?”

त्याच्याच गावचे किराणा दुकानदार धोंडप्पा. गालाला रुमाल बांधलेला.

“दाढ, आप्पा. लई ठणकायली.”

“मंग तिथं कावून वाकलास? ते बाकडं चांगलं न्हाई. माझ्यापशी ये. ओ डॉक्टर, ह्याला आदी घ्या, पोराचा टॅक्टर खोळंबलाय.”

धोंडप्पा माणूस प्रेमळ. आतून डॉक्टरांचा आवाज आला, दाढ तर चांगली आहे. अभिमन्यू म्हणाला, दुखती. धोंडप्पा बाहेरून म्हणाले, “दुखती म्हनतंय तर काढा की.”

काढली.

पंधरा दिवसांनी अभिमन्यू परत आला, धोंडप्पा परत तिथंच. दुसरी दाढ गेली. जानेवारीत तिसरी. चौथ्यांदा तो आला नाही. ऊस ओढणाऱ्या माणसाला भाकरीही चावावी लागते.

तिसऱ्या दाढेच्या दिवशी तो गाल धरून गेला. धोंडप्पांनी हुश्श करत गालाचा रुमाल सोडला, तर त्यातून घडी घातलेली चिठ्ठी निसटली आणि उलगडत माझ्या पायाशी आली. खोली क्रमांक सात. धोंडप्पांनी ती उचलली, माझ्याकडं बघितलं. मी सरकून जागा केली असती, पण मी सगळाच रिकामा होतो. तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांनी त्यांचं नाव पुकारलं आणि ते उठून आत गेले. त्यांची ती चौथी.

त्या वर्षी सर्वांत जास्त दाढा काढल्याबद्दल दाताच्या खोलीला प्रशस्तिपत्र मिळालं. मला पाल मिळाली. ती माझ्याखाली राहते.

सातव्या महिन्यात सायलीला मुलगी झाली. रडली नाही. सासू बायनाबाई म्हणाल्या, “झालीच न्हाई म्हनायचं. नाव न्हाई ठेवलं तर आठवत न्हाई.” दोन आठवड्यांनी सायली इंजेक्शनाला आली आणि माझ्यावर बसली. तिला रोग पुन्हा झाला होता. अपेक्षाताईंनी विचारलं, मालक आलेच नाहीत का गं?

“न्हाई, ताई. त्यांचं तोंड लई सुजायचं. मी जवारीच्या कन्या शिजवून घालायची.”

मित्रांनो, माझ्यावर बसल्याने कुणाला काही होत नाही. एवढं ध्यानात ठेवा. बाकी माझं म्हणणं मी रीतसर लिहून देतो.

प्रति, मा. वैद्यकीय अधीक्षक महोदय. विषय : नोंदवहीतील दुरुस्तीबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सायली यांच्या मुलीच्या नोंदीत मृत्यूच्या कारणापुढे ‘अज्ञात’ असे लिहिलेले आहे. ते खोडून त्या जागी ‘बाक रिकामा होता’ असे लिहिण्यात यावे व त्याची एक नक्कल मुलीच्या आईस देण्यात यावी.

सोबत : चांगल्या दाढा, नग तीन.